राजाच्या हातची पगडी

लगोरी खेळताना पंच कोण हे दादानंच ठरवलं आणि खेळायलाही दादाच उतरला, तर जिंकेल कोण, सांगा बरं? हसताय ना? मग ऐका.

एका राज्यात अशी रीत होती, की न्यायाधीशाच्या डोक्याला पगडी राजानं स्वतःच्या हातानं बांधायची. एकदा काय झालं, पारू कुंभारणीच्या तळ्यावर राजाचं मन गेलं. त्याला तिथं कमळांची बाग हवी होती. पारू म्हणाली, "तळ्यातली माती गेली, तर मडकी कशाची घडवू? लेकरांना काय घालू?" मग तंटा न्यायाधीशासमोर आला.

न्यायाधीश भला होता, बरं का. "तळं पा..." एवढं म्हणतोय, तोच पगडी आपोआप आवळली! त्याचे डोळे पांढरे झाले. पगडी टाकून तो पळाला. मग दुसरा आला. त्याचंही तेच झालं, तोही पळाला.

मग राजानं गावातल्या शहाण्या सगुणाबाईला न्यायाधीश व्हायला बोलावलं. ती म्हणाली, "महाराज, एकट्या तुमच्या हातची पगडी मी घालणार नाही."

"मग कुणाच्या हातची? माझ्या माकडाच्या?"

दरबार खो खो हसला. सगुणाबाई हसली नाही.

"जुन्या न्यायाधीशांनी माणूस पारखावा, गावानं हो म्हणावं, मग त्यांच्यातला एक, गावातला एक आणि तुम्ही, अशा तिघांनी एकेक वेढा द्यावा. शेवटचा तुमचा. आणि बांधलेली पगडी एकट्यानं कुणी सोडायची नाही."

राजानं तिला हाकलून दिलं. पण पगडीला दुसरं डोकंच मिळेना. तंटे मिटेनात. माणसं रस्त्यातच काठ्या काढू लागली. राजानं तीनदा निरोप धाडला. तिन्ही वेळा सगुणाबाईनं तेच उत्तर दिलं. शेवटी राजा कबूल झाला.

मग जुन्या न्यायाधीशांनी तिला पारखलं, गावानं हो म्हटलं आणि तिघांनी पगडी बांधली. सगुणाबाई निकाल सांगायला उभी राहिली. राजाचा वेढा आवळू लागला. पण खालच्या दोन वेढ्यांनी त्याला धरून ठेवलं, जराही हलू दिलं नाही!

"तळं पारूचं," सगुणाबाई म्हणाली.

राजा लालबुंद झाला. धावत जाऊन पगडी ओढू लागला. एकट्याच्या हातानं गाठ सुटेना. मग तो गुपचूप जागेवर जाऊन बसला.

पुढं सगळे सुखानं नांदले, राजासुद्धा. चला, पांघरूण घ्या आणि डोळे मिटा. आणि हो, दुसऱ्या दिवशी सकाळी पारू टोपली घेऊन तळ्यात उतरली आणि माती काढू लागली.