दर्याजीची आठवी बंडी

फार जुन्या काळची गोष्ट. इतक्या जुन्या काळची, की तेव्हा दूरचे निरोप माणसं नेत नसत, कबुतरं नेत असत. नदीकाठच्या एका गावात सकाळ उजाडायची ती धुक्यातूनच, आणि धुक्यातून सगळ्यांत आधी ऐकू यायचा तो कपडे आपटण्याचा आवाज.

तो आवाज भिवरा परटिणीचा. कुठला कपडा कुणाचा हे ओळखता यावं म्हणून परीट कपड्याच्या आतल्या बाजूला बिब्ब्याच्या रसाने खूण करतात. खूण काळी उमटते आणि कपडा विरेपर्यंत जात नाही. भिवराकडे प्रत्येक घराची वेगळी खूण होती. तीस वर्षांत तिच्या हातून एकाचं धोतर दुसऱ्याच्या घरी गेलं नव्हतं. लोक म्हणत, एक वेळ आरसा चुकेल, भिवराची खूण चुकायची नाही.

दरसाल पाणी ओसरलं, की नदीच्या पात्रातल्या वाळूवर दोन्ही काठांचा हुतूतू रंगायचा. अलीकडच्या काठाचे गडी निळी बंडी घालत, पलीकडचे तांबडी. अलीकडच्या गड्यांत एक होता दर्याजी. कुठल्याशा डोंगरातून एके वर्षी तो गावात आला आणि गावाचाच होऊन गेला. त्याचा दम असा, की तो एकदा पलीकडे शिरला की बघणाऱ्यांचाच श्वास संपायचा, त्याचा नाही. अंगावर चार-चार जण लोंबकळत असताना तो हसत हसत रेषेला हात लावायचा.

सात वर्षं तो खेळला. दरसाल एक, अशा सात बंड्या त्याने घातल्या. सातही भिवराने धुतल्या, सातही तिने सांधल्या, आणि प्रत्येकीच्या गळ्याच्या पट्टीआड त्याची खूण केली. तीन ठिपके आणि खाली चंद्रकोर.

आठव्या वर्षी पूर आला. पलीकडच्या काठाची माणसं झाडांवर अडकली. ज्यांच्याशी तो सात वर्षं झुंजला, त्यांनाच आणायला दर्याजी पाण्यात उतरला. पाच खेपा त्याने केल्या. सहाव्या खेपेहून तो परतला नाही. नदीने त्याला कुठे नेलं, ते तिने कुणालाच सांगितलं नाही.

गाव फार रडलं. मग सगळ्यांनी मिळून ठरवलं, की त्याच्या नावाने नदीला दगडी पायऱ्या बांधायच्या आणि त्यासाठी त्या सात बंड्यांचा लिलाव करायचा. दूर डोंगरात दर्याजीचं कुणी असेल, हा विचार त्या गडबडीत कुणाच्याच मनात आला नाही. भिवराच्याही नाही.

गावाबाहेरच्या टेकडीवर एक लिलावदार राहत असे. त्याच्या माडीवर शेकडो कबुतरं होती. विकायच्या वस्तूचं इवलंसं चित्र काढायचं, ते कबुतरांच्या पायाला बांधायचं आणि चहू दिशांना सोडायचं. गावोगावचे लोक चित्र पाहून आपली बोली चिठ्ठीवर लिहीत आणि त्याच कबुतराबरोबर परत पाठवत. ज्याची बोली सर्वांत मोठी, त्याला वेताच्या पेटीतून वस्तू जायची. घेणाऱ्याला आधी ती हातात धरता येत नसे. चित्रावर आणि विकणाऱ्याच्या शब्दावर सारा भरवसा. बंड्यांच्या बाबतीत मात्र आणखी एक आधार होता. चित्राखाली लिहिलेलं असे, 'आत भिवराची खूण आहे.' तेवढं वाचून लोक निश्चिंत होत.

सातही बंड्या गेल्या, पायऱ्या बांधून झाल्या. पण चिठ्ठ्या यायच्या थांबेनात. दर्याजीची कीर्ती त्याच्या माघारी आणखी पसरली होती. रोज संध्याकाळी कबुतरं उतरत आणि प्रत्येकाच्या पायाला तोच प्रश्न बांधलेला असे, 'अजून एखादी बंडी आहे का?'

एके दिवशी लिलावदार स्वतः नदीवर आला. त्याच्या हातात निळी बंडी होती. भिवराने ती घेतली आणि हातात धरताक्षणी तिला कळलं, की हे कापड नवं आहे. काताच्या पाण्यातून काढून, वाळूवर घासून त्याला जुनं केलं आहे.

"सातच होत्या, शेटजी," ती म्हणाली.

"तुम्ही म्हणाल तर आठवी होईल," लिलावदार हळूच म्हणाला. मग त्याने तिला सांगितलं, की रानापलीकडे एक गाव आहे, तिथल्या पोरांनी दर्याजीला कधी पाहिलं नाही, कधी पाहणारही नाहीत. त्याची बंडी गावात आली तर ती पोरं मैदानात उतरतील. त्यात कुणाचं काय बिघडतं?

भिवराला त्यात काही बिघडलेलं दिसेना. आणि खरं सांगायचं तर तिलाही दर्याजीची फार आठवण यायची. तिने बिब्बा टोचला, काडी रसात बुडवली. तीन ठिपके आणि चंद्रकोर काढताना क्षणभर तिला वाटलं, की तो आत्ताच खेळून आलाय, वाळू झटकतोय, आणि आपण नेहमीसारखं त्याला रागावणार आहोत. तो क्षण फार गोड होता. त्या गोडव्यासाठीच तिने खूण पुरी केली.

दुसऱ्या दिवशी तिच्या दारात तांब्याचा नवा हंडा आला. कपडे भट्टीला लावायला तिला तसा हंडा कधीचा हवा होता.

मग नववी आली, दहावी आली. कधी कुणी आजारी माणूस बंडीची वाट पाहत असे, कधी कुणा म्हाताऱ्याची शेवटची इच्छा असे. लिलावदाराकडे कारणांची वाण नव्हती. पुढे पुढे तो कारणं सांगेनासा झाला आणि ती विचारेनाशी झाली.

एकदा दुपारी कपडे वाळत घातले असताना भिवराचा दगडावरच डोळा लागला. तिला दिसलं, की नदीवर निळ्या बंड्यांची रांग चालली आहे. आत माणूस नाही, नुसत्या बंड्या. सगळ्या मिळून 'हुतूतू हुतूतू' म्हणताहेत, पण श्वास कुणीच घेत नाही. ती घाबरून जागी झाली. दोरीवरचे कपडे वाऱ्याने हलत होते. बाकी काही नव्हतं.

पुढे थंडीच्या दिवसांत, एका सकाळी, धुक्यातून एक म्हातारी काठावर आली. तिच्या पायांवर लांबच्या वाटेची धूळ होती. तिने छातीशी एक गाठोडं धरलं होतं.

"भिवरा परटीण तूच का गं?" तिने विचारलं. "मी दर्याजीची आई."

भिवराच्या हातातला कपडा पाण्यात सुटला आणि वाहत गेला.

म्हातारी खाली बसली आणि सांगू लागली. नदी जिथे उगम पावते, त्या डोंगरात तिची झोपडी होती. मुलगा गेल्याची बातमी तिला कबुतराकडूनच कळली होती, तीही बंडीच्या चित्राखाली लिहिलेली. तिच्यापाशी त्याचं काहीच उरलं नव्हतं. ना एखादा कपडा, ना राख. म्हणून तिने दुभती म्हैस देऊन टाकली आणि ती बंडी मिळवली.

तिने गाठोडं सोडलं. आत निळी बंडी होती.

"तीन आठवडे झाले, मी ही उशाशी घेऊन निजते. हिच्यात नाक खुपसून बसते," म्हातारी म्हणाली. "आधी मला हिच्यात तो सापडेना. मग वाटलं, आपणच म्हातारे झालो, आपलंच नाक गेलं. म्हणून मी मनाला सांगत राहिले, की हाच त्याचा वास. आता असं झालंय बघ, की डोळे मिटले तरी हाच वास येतो. त्याचा कसा होता, ते काही केल्या आठवत नाही. तू त्याचे कपडे धुतलेस. ही त्याचीच ना, एवढं सांग. म्हणजे मी निवांत होईन."

भिवराने बंडी हातात घेतली. 'हो' म्हणणं किती सोपं होतं. एवढा एक शब्द, आणि म्हातारी समाधानाने डोंगर चढून गेली असती. खूण भिवराची, शब्दही भिवराचा. दुसऱ्या कुणाला कधी कळलंही नसतं. तिने म्हातारीच्या तोंडाकडे पाहिलं. मग तिच्या लक्षात आलं, की एकदा नदीने या बाईचा मुलगा नेला, आणि आता दुसऱ्यांदा आपण नेतो आहोत.

तिने बंडी उलटी करून दगडावर पसरली.

"नाही, आई. ही त्याची नाही," ती म्हणाली. "घाम अंगातून येतो. खरी बंडी आतून जास्त डागाळते. ही बाहेरून मळकी आहे आणि आतून कोरी. दर्याजी नेहमी उजवीकडे झुकांडी द्यायचा, म्हणून धरणाऱ्याच्या हातात बंडीचा डावा कोपरा यायचा. सातही बंड्यांना मी डावीकडेच टाके घातलेत. हिचा उजवा कोपरा फाडलाय. खूण तेवढी खरी आहे. ती माझ्या हातची आहे. मला ठाऊक होतं, आणि तरी मी केली."

म्हातारीने बंडीची आतली बाजू बोटांनी चाचपली. धुकं तिच्या आणि भिवराच्या मधून हळूहळू सरकत होतं. तिने शिव्या दिल्या असत्या तर भिवराला बरं वाटलं असतं. पण म्हातारीने एवढंच विचारलं, "मग त्याचा वास कसा होता, ते तुला तरी आठवतं का?"

भिवराने डोळे मिटले. सात वर्षं तिचे हात त्या कपड्यांत बुडाले होते. हातांना जे आठवत होतं, ते तिने सांगितलं.

"त्याच्या खिशात ओवा असायचा. बंडी पाण्यात टाकली, की ओव्याचे दाणे तरंगत वर यायचे. मी रोज ओरडायची, की खिसे झटकून देत जा. त्याने कधी झटकले नाहीत. माझ्या हातांना दिवसभर ओव्याचा वास यायचा."

म्हातारीचा चेहरा एकदम खुलला.

"ओवा," ती म्हणाली. "अगं, लहानपणी त्याला दमा होता. रात्र रात्र त्याचा जीव घाबरा व्हायचा. मी ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करायची आणि त्याची छाती शेकायची. माझ्या मांडीवर तो निजायचा तेव्हा त्याला ओव्याचाच वास यायचा." तिने खोल श्वास घेतला, जणू समोर पुरचुंडीच धरली आहे. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, पण तोंडावर हसू होतं. "आला बघ. आला."

दोघी दुपारपर्यंत तिथेच बसल्या. भिवरा त्याच्या खेळाचं सांगत होती, म्हातारी त्याच्या बाळपणाचं. उठताना म्हातारीने बंडी तिथेच दगडावर ठेवली. भिवराने तांब्याचा हंडा विकून तिची म्हैस सोडवली आणि स्वतः तिला डोंगराच्या पायथ्यापर्यंत पोचवून आली.

परत येताच ती टेकडीवर गेली. जिथे जिथे बंड्या गेल्या, तिथे तिथे खरं काय ते कळवा, असं तिने लिलावदाराला सांगितलं. त्याने तिला समजावून पाहिलं. तो म्हणाला, की बंडी खोटी असली तरी लोकांचं प्रेम तर खरं आहे, आणि यात पहिलं नाव तिचंच बुडेल.

"प्रेम खरं आहे म्हणूनच सांगायचं," भिवरा म्हणाली. "नाव बुडेल ते बुडू दे."

लिलावदाराने कबुतरं सोडली नाहीत. तेव्हा भिवरा बाजाराच्या दिवशी नव्या दगडी पायऱ्यांवर उभी राहिली आणि तिने सगळ्यांसमोर आपली चूक सांगितली. बंडी उलटी कशी करायची, डाग कुठे बघायचा, टाके कुठे शोधायचे, तेही दाखवलं. बाजारातून ती गोष्ट गावोगाव गेली. कबुतरांपेक्षा जरा सावकाश गेली, पण गेली.

महिनाभर लोक बंड्या घेऊन नदीवर येत होते. भिवरा एकेक बंडी उलटी करी आणि खरं ते सांगे. कुणी रडलं, कुणी तिच्या तोंडावर बंडी फेकली. रानापलीकडच्या गावची पोरंही आली. त्यांची बंडी खोटी निघाली, तेव्हा ती जराशी हिरमुसली. मग त्यांच्यातल्या एकीने ती अंगात घातली आणि म्हणाली, "दर्याजीची नाही ना, मग आम्हांला खेळायला झाली." आणि ती पोरं तशीच वाळूवर पळाली.

लिलावदाराची कबुतरं पुढे चित्रं घेऊन जात आणि बोलीची चिठ्ठी न घेताच परत येत. लोकांनी त्यांच्यासाठी कौलांवर दाणे टाकणंही बंद केलं. हळूहळू कबुतरंही दुसरीकडे राहायला गेली आणि माडी ओस पडली.

भिवराचंही सोपं गेलं नाही. वर्षभर तिच्याकडे कुणी कपडे टाकले नाहीत. ज्या खुणेवर गाव डोळे मिटून विसंबायचं, ती खूण करणं तिला सोडून द्यावं लागलं. दुसऱ्या वर्षी एक शेजारीण एकच लुगडं घेऊन आली. मग दुसरी आली. पण कपडे परत नेताना त्या प्रत्येक कपडा उलटा करून पाहत. भिवराला त्याचा राग येत नसे. ती स्वतःच कपडा उलटा करून त्यांच्या हातात देई.

तर लहानथोर हो, यातून घ्यायचं ते एवढंच: खोटं मनाला दिलासा द्यायला येतं, आणि जाताना खऱ्याची आठवण घेऊन जातं.