शेवाळतळ्याचा फुटबॉल संघ

फार जुनी गोष्ट आहे, पण मी काठावरच बसलो होतो म्हणून खात्रीने सांगतो. शेवाळतळ्यात पोरांचा फुटबॉल क्लब होता आणि फुगे सर नावाचा बेडूक त्याचा कोच होता. सरांना दर रविवारी कप हवा असे.

निवडीच्या दिवशी डुबक्या नावाचा बेडूकमासा आईबरोबर आला. त्याने शेपटीच्या एका फटक्यात बॉल गोलमध्ये घातला.

"पाय कुठायत?" सरांनी विचारलं.

"येतील ना सर, महिन्याभरात."

"मॅच रविवारी आहे, राजा!"

"अहो सर, लहानपणी तुम्हीसुद्धा असेच होतात," आई काकुळतीने म्हणाली.

"बाई, माझी गोष्ट वेगळी होती," असं म्हणून सरांनी अख्खा संघ खेकड्यांचा निवडला. पोरांत पाय फुटलेले तेवढेच होते. रविवारी कप आला, मिरवणूकही निघाली.

महिन्याने डुबक्या लांब, सणसणीत पायांवर उड्या मारत आला.

"वा, काय पाय आहेत!" सर म्हणाले. "पण शिकायचं वय गेलं रे तुझं. इतके दिवस होतास कुठे?"

डुबक्या गुपचूप प्रेक्षकांत जाऊन बसला. तिथे सगळे बेडूकच होते.

पुढे मोठ्यांच्या सामन्यात शेजारच्या तळ्याने चौदा गोल चढवले, कारण आपले खेकडे जन्मभर आडवेच पळत राहिले. फुगे सरांनी काठावरच्या शेकडो बेडकांकडे पाहून सुस्कारा सोडला.

"काय करणार? आपल्या तळ्यात गुणी पोरंच जन्माला येत नाहीत."