साहेबांच्या ताटातला नववा मोदक

“मग अन्नदानाचं व्रत मला कधी देणार, माई?”

माई चुलीपाशी होत्या. समुद्राकाठच्या त्या गावात त्यांची लहानशी खानावळ. आलेला पाहुणा तृप्त होऊनच उठला पाहिजे... हेच त्यांचं व्रत.

मोठ्या हॉटेलातली नोकरी सोडून श्रीरंग त्यांच्याकडे शिकायला आला होता.

“कासवं बघायला आलेले ते इंग्रज नवरा-बायको बसलेत ना, त्यांना वाढ,” माई म्हणाल्या. “ते तृप्त उठले, की आजच देते.”

“एवढंच? इंग्रजांची सरबराई मला नका हं शिकवू, माई. काटे-चमचे मांडलेत, बाटलीबंद पाणी ठेवलंय, तिखट बेतानं घातलंय.”

“बरं हो, शहाण्या. जा.”

मॅडमचं जेवण आटोपलं होतं. साहेबांचं ताट रिकामं झालं. श्रीरंगने मोदक वाढला, वर तूप. ताट पुन्हा रिकामं... पुन्हा मोदक.

“माई, आठ झाले! नववा वाढलाय.”

“ताट बघतोस, की तोंड?”

श्रीरंगने बघितलं. साहेब हसत होते. पण कपाळ घामानं डबडबलं होतं.

“पण ते नको म्हणतच नाहीत...”

“विचार, ताट एवढं लख्ख का करतात.”

श्रीरंगने विचारलं. साहेब ओशाळून काहीतरी बोलले.

“काय म्हणतात?”

“म्हणतात... ताटात टाकलं, तर रांधणारीचा अपमान होतो. त्यांच्या आजीनं शिकवलंय.”

“आणि तुझ्या आजीनं?”

“पाहुण्याचं ताट रिकामं दिसू नये...”

माई चुलीपासून उठल्या.

तोवर साहेबांनी नवव्या मोदकाचा घास घेतला होता. दुसरा काही केल्या उतरेना.

माई पदर खोचून त्यांच्या शेजारी बसल्या. तो उष्टा मोदक त्यांच्या ताटातून उचलला. शांतपणे खाल्ला.

साहेबांचा श्वास मोकळा झाला. त्यांनी हात जोडले. मॅडमनी माईंचा हात कितीतरी वेळ सोडला नाही.

श्रीरंगचा चेहरा मात्र उतरला.

“माई... आज सोमवार! तुमचा उपास... तीस वर्षांचा... आणि तोही उष्ट्यानं मोडला. माझ्यापायी!” त्यानं तुपाचं भांडं खाली ठेवलं. “व्रत नको मला. माझी लायकी नाही.”

“मोडला कुठे? आज तर घडला.” माईंनी तांब्या उचलला. “हात पुढे कर, बाळा. संकल्पाचं पाणी सोडायचंय.”