हिरवं कोणी पाहिलं

“हिरवं सपन म्हणजे पाळणा, शोभा. सांगून ठेवते. आता तिले गाडीत बसू देऊ नको.”

कौतिकामावशी माझ्या सासूबाईंना हे सांगत होत्या, तेव्हा मी भिंतीपलीकडे न्हाणीत होते. नळ बंद झालेला त्यांच्या लक्षात आला नव्हता.

“पण ती तं काही बोलली नाही,” सासूबाई म्हणाल्या.

“नवी सून आपल्या तोंडानं सांगते का? आन् ज्यानं पाह्यलं त्यानंच सांगितलं तं फळ उडते. तू विचारूच नको.”

सासूबाईंनी विचारलं नाही.

मी जे बोलले होते ते इतकंच. नणंद अर्पणा माझी वेणी घालत होती. तिनं विचारलं, “वहिनी, इथं झोप लागते ना?” मी म्हटलं, “लागते. पण स्वप्नात सारखं हिरवं दिसतं.” अर्पणानं ते आईला सांगितलं, आईनं बहिणीला. संध्याकाळपर्यंत माझ्या नवऱ्यानं माझं गोंदियाकडच्या गाडीचं तिकीट रद्द केलं आणि माझ्याकडे अशा काही नजरेनं पाहिलं, की मीच लाजले. सासरे म्हणतात, आपल्या घरात शकुन-अपशकुन मानत नाहीत. त्या दिवशी ते डाळिंबं घेऊन आले.

तिकीट माझ्या माहेरचं होतं. भंडाऱ्याकडे आमच्या गावात भाताची रोवणी सुरू झाली होती. लग्न झाल्यापासून मी घरी गेले नव्हते, आणि रोवणीला येते असं आईला कळवून बसले होते.

वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, आमच्या गल्लीत रोज संध्याकाळी कोणाच्या तरी घरी ग्रंथवाचन होतं. वाचन संपलं की त्या घरातली एक बाई बोधिसत्त्वाची, म्हणजे बुद्धांच्या मागच्या जन्मातली, एखादी गोष्ट सांगते. त्या आठवड्यात पाळी आमची होती. “सुनेले सांगू द्या,” मावशी म्हणाल्या. “आवाज कसा आहे ते तरी कळन.”

मी एक गोष्ट पाठ केली होती. उभी राहिल्यावर ती सोडून दिली आणि ही मनानंच जुळवत सांगितली.

*

पूर्वी, डोंगरपठारावरच्या पाषाणपूर नगरात दृढधन्वा राजा राज्य करीत असताना, बोधिसत्त्व तिथल्या एका स्वप्नपाठकाच्या घरी जन्माला आले होते. लोकांच्या स्वप्नांचा अर्थ सांगणं हा त्या कुळाचा धंदा. राजवाड्यात पाठकांच्या दोन गाद्या होत्या. थोरल्या गादीवर पिंगल नावाचे वृद्ध पाठक बसत, धाकटीवर बोधिसत्त्वांचे वडील. दोन्ही गाद्यांचं एकमत झालं, की अर्थ पक्का झाला असं धरीत.

त्या नगरात एक रीत होती. ज्यानं स्वप्न पाहिलं त्यानं ते पाठकाला स्वतः सांगायचं नाही; सांगितलं तर फळ उडून जातं. घरातल्या वडीलधाऱ्या माणसानं ते पाठकापुढे मांडायचं. ही रीत कोणी घातली ते कोणालाच ठाऊक नव्हतं. पाठकांना मात्र ती सोयीची होती, कारण त्यांच्यापर्यंत पोचता पोचता स्वप्न इतकं बारीक झालेलं असे, की पुढं ते हवं तसं फुलवता येई.

राजाच्या मुलाचं, सुबाहूचं, नुकतंच लग्न झालं होतं. सून कुमुदा पूर्वेकडच्या नद्यांच्या देशातल्या एका लहान राजाची लेक. पाषाणपुरात माणसं चांगली होती, पण पाणी खोल विहिरींत आणि बाकी सगळा दगड. कुमुदा फारसं बोलत नसे. दासी आपापसांत म्हणत, “सूनबाईंना बोलतं करायचं तर आधी मुहूर्त काढावा लागेल.”

एकदा ती नणंदेला म्हणाली, “मला स्वप्नात सगळं हिरवं दिसतं.” नणंदेनं हे राणीला सांगितलं. राणीनं पिंगलाला सांगितलं.

पिंगलानं डोळे मिटले. “हिरवं म्हणजे अंकुर,” तो म्हणाला. “राजवंशाला अंकुर फुटणार.”

बोधिसत्त्वांचे वडील तेव्हा अंथरुणाला खिळलेले होते. त्यांनी पडल्या पडल्या मान डोलावली, आणि अर्थ पक्का झाला.

राजवाड्यात आनंद झाला. राजानं पिंगलाच्या खांद्यावर भरजरी दुशाला घातला. कुमुदेला हिरवी लुगडी आली, हिरवा चुडा आला. तिनं जिना चढायचा नाही, उन्हात जायचं नाही, आणि माहेरी तर मुळीच जायचं नाही, असं ठरलं. तिला कोणी काही विचारलं नाही, म्हणून ती काही बोलली नाही. हिरव्या लुगड्यात बसून राहिली.

पावसाळा गेला, हिवाळाही सरत आला. अंकुर काही दिसेना. राणी लेकीला विचारी, “अजून हिरवंच का?” लेक वहिनीला विचारून येई आणि सांगे, “हो, हिरवंच.” राणीची काळजी वाढत गेली, आणि काळजी वाढली की माणसाचा आवाज बदलतो. आता राणी सुनेशी दाराआडून बोलू लागली.

याच दिवसांत बोधिसत्त्वांचे वडील वारले आणि धाकटी गादी बोधिसत्त्वांकडे आली.

राजानं पिंगलाला पुन्हा बोलावलं. पिंगल दुशाला पांघरूनच गेला. तो म्हणाला, “महाराज, हिरवं दोन प्रकारचं असतं. एक कोंबाचं आणि एक साचलेल्या पाण्यावरच्या शेवाळाचं. पहिल्यांदा मला कोंबाचं वाटलं. पण हे शेवाळ आहे. शेवाळ असतं तिथं पाय घसरतो. ही सून या घराचा पाय घसरवील. तिला सीमेपलीकडे सोडावं आणि युवराजांनी दुसरं लग्न करावं.”

सीमेपलीकडे सोडणं म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत होतं. अपशकुनी म्हणून सोडलेल्या बाईला तिच्या माहेरचंही दार उघडत नसे. अशा बायका सीमेवरच्या झोपड्यांत राहत आणि तिथंच म्हाताऱ्या होत.

पण धाकट्या गादीची मान अजून डोलायची होती. सभेच्या आदल्या दिवशी पिंगल बोधिसत्त्वांच्या घरी आला.

“बाळ, उद्या तुझं पहिलंच स्वप्न,” तो म्हणाला. “फार बोलायचं नाही. मी अर्थ सांगेन, तू मान डोलव. तुझे वडील तसंच करीत.”

“काका, स्वप्न काय आहे?”

“हिरवं.”

“हिरवं काय?”

“हिरवं म्हणजे हिरवं.”

“झाड, साप, पोपट, भाजी?”

“भाजी कोणाच्या स्वप्नात येते?” पिंगल चिडून म्हणाला.

“उपाशी माणसाच्या,” बोधिसत्त्व म्हणाले.

पिंगलानं मागं वळून दार लोटलं. मग खालच्या आवाजात म्हणाला, “हे बघ. माझ्यामागं थोरली गादी तुझीच आहे. राजाच्या मनात तुला विहिरीकाठची आमराई द्यायचं आहे, मी शब्द टाकलाय. आणि मी तरी काय करू? दुशाला घेऊन बसलोय. माझंच चुकलं म्हटलं तर तो कोणत्या तोंडानं परत करू? घरात नातवंडं आहेत.”

बोधिसत्त्वांना त्याची कीव आली. त्यांनी त्याला पाणी दिलं, दारापर्यंत सोडलं. हो म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सभा भरली. पिंगलानं अर्थ सांगितला. सगळ्यांनी धाकट्या गादीकडे पाहिलं. बोधिसत्त्व हात जोडून म्हणाले, “महाराज, मला हे स्वप्न अजून कळलेलं नाही. ज्यांनी पाहिलं त्यांना विचारू द्या.”

“रीत मोडेल,” पिंगल म्हणाला. “पाहणाऱ्यानं तोंडानं सांगितलं तर फळ उडून जाईल.”

“काका, फळ वाईट आहे असं तुम्हीच म्हणता. मग ते उडालेलंच बरं नाही का?”

मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. राजाला उत्तर सापडलं नाही, आणि राजाला उत्तर सापडलं नाही तर त्या सभेत ती परवानगीच समजत.

कुमुदेला बोलावलं. ती येऊन खांबाशी उभी राहिली. बोधिसत्त्व गादीवरून उतरले आणि खाली फरशीवर बसले, कारण उंचावरून विचारलेलं खरं तर कोणाला विचारल्यासारखं वाटत नाही.

“ताई,” ते म्हणाले, “हिरवं काय होतं?”

पिंगल खोकला. एका मंत्र्यानं दुसऱ्याच्या कानात सांगितलं, की हिला आपली भाषा नीट येत नसावी. बोधिसत्त्वांनी प्रश्न पुन्हा विचारला नाही, सोपाही करून दिला नाही. ते थांबले.

“भात,” ती म्हणाली.

सभेला ऐकू गेलं नाही. ती थोडं मोठ्यानं म्हणाली, “भाताची रोपं. मी पोटरीभर चिखलात उभी असते. आमच्याकडे लावणीच्या पहिल्या दिवशी सगळे शेतात उतरतात, राजाची लेक असली तरी. आई माझ्या पुढच्या ओळीत असते. मला तिची पाठ दिसते. मी हाक मारते. ती वळायला लागते, आणि मला जाग येते.”

“तोंड दिसत नाही?”

“एकदाही नाही. आता तर जागेपणीसुद्धा ते नीट आठवत नाही.”

सुबाहू आपल्या बायकोकडे पाहत राहिला. लग्नानंतर तिचा इतका आवाज त्यानंही ऐकला नव्हता.

मग पडद्याआडून राणी म्हणाली, “मला पिवळं दिसायचं.”

राजानं वळून पाहिलं.

“लग्न होऊन आले तेव्हा. पिवळं, नुसतं पिवळं. सासूबाईंनी पाठकांना सांगितलं. पाठक म्हणाले, सोनं. खजिना वाढणार म्हणून केवढा उत्सव केलात तुम्ही. आमच्या घरामागं मोहरीचं शेत होतं.”

“हे तू कधी बोलली नाहीस,” राजा म्हणाला.

“कोणी विचारलं?” राणी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर राजाला बरं वाटलं असतं.

राजा बोधिसत्त्वांकडे वळून म्हणाला, “मग पाठक, या हिरव्याचा अर्थ काय धरायचा?”

“अर्थ मला सांगता येणार नाही, महाराज. रस्ता सांगता येईल. पूर्वेच्या वेशीतून निघायचं आणि नदी लागली की काठाकाठानं जायचं.”

पिंगल वाकून त्यांच्या कानाशी म्हणाला, “अरे, ज्याला त्याला असं विचारत सुटलास, तर आपल्याला कोण विचारील?”

“बहुधा कोणी नाही, काका,” बोधिसत्त्व म्हणाले. त्यांनी डोक्यावरचं पाठकाचं पागोटं काढून गादीवर ठेवलं आणि पुन्हा गादीवर बसले नाहीत. आमराई त्यांना मिळाली नाही. राजानं विचारलं, काय देऊ. तेव्हा त्यांनी पिंगलाचा दुशाला त्याच्याकडेच राहू द्यावा असं मागितलं. पुढं ते वेशीबाहेरच्या धर्मशाळेत वाटसरूंना पाणी देत राहिले. लोक तिथं येत, पाणी पीत आणि आपली स्वप्नं आपणच सांगत. बोधिसत्त्व ऐकत. पुष्कळांना सांगता सांगताच आपलं काय ते कळे.

कुमुदा लावणीला घरी गेली. सुबाहू बरोबर गेला आणि पहिल्याच दिवशी चिखलात पाय घसरून पडला. तेव्हा ती इतकी हसली, की तिचा आवाज मुळात केवढा आहे ते पाषाणपुरातून आलेल्या गाडीवानांना कळलं. राणीही तिच्या गाडीतून नदीपर्यंत गेली होती. राणीचं माहेर त्या वाटेवर नव्हतं, आणि आता तिथं तिचं कोणी उरलंही नव्हतं. तरी ती गेली, पाण्यात पाय सोडून बसली आणि परत आली. भात निसवल्यावर, लोंब्या बाहेर पडल्यावर, कुमुदाही आपणहून परतली.

पिंगल शेवटपर्यंत स्वप्नं सांगत होता. फक्त आता कोणी स्वप्न घेऊन आलं की आधी विचारी, “कोणी पाहिलं?”

*

गोष्ट इथं संपली. जुळणी राहिली होती. मागच्या जन्मीचे कोण ते या जन्मी कोण, हे सांगितल्याशिवाय आमच्या गल्लीत बायका उठत नाहीत.

मी म्हटलं, “तेव्हाचे ते स्वप्नपाठक म्हणजे पुढं जे आपले शास्ते, बुद्ध, झाले ते. गादी गेली तरी चालेल, पण समोरच्या माणसाला त्याचं विचारून घ्यायचं, हा या गोष्टीतला गुण. त्याला करुणा म्हणतात.”

“आन् तो पिंगल?” शेजारच्या काकूंनी विचारलं.

“त्याचं मला ठाऊक नाही,” मी म्हटलं. कौतिकामावशींनी पदर नीट केला.

बायका सतरंजीवरून उठू लागल्या. अर्पणा चहाचे कप आणायला आत निघाली होती, ती दारातच थांबली, कारण सासूबाई उठल्या नव्हत्या. त्या माझ्याकडे पाहत होत्या. लग्न झाल्यापासून त्यांनी मला मीठ किती घालू, दार लावलं का, असं पुष्कळ विचारलं होतं. हे त्यांनी तसं विचारलं नाही.

“आन् ती सून?” त्या म्हणाल्या. “ती कोन होती, बाई?”

सगळ्या बायका पुन्हा माझ्याकडे वळल्या. मावशीही. आतल्या खोलीत नवऱ्यानं टीव्हीचा आवाज बारीक केला.

“ती मीच, आई,” मी म्हटलं. “मला दिवस-बिवस काही गेलेले नाहीत. आमच्याकडे रोवणी चाललीय आणि आई वाट बघतेय. मला तिच्याकडे जायचंय. मी रविवारी जाते.”