वेळूगडचा समोरचा वारा

वेळूगडच्या राजा गजधराला विमानाने हिरेतळला जायला चाळीस मिनिटं लागायची आणि हिरेतळच्या राजाला तेवढंच अंतर कापून वेळूगडला यायला तीस! दोन्ही विमानतळ चिमुकले, विमानंही सारखीच. फरक होता तो वाऱ्याचा. हिरेतळला जाताना तो समोरून यायचा, वेळूगडला येताना पाठीमागून ढकलायचा.

एका मेजवानीत हिरेतळच्या राजाने सगळ्यांदेखत चिमटा काढला, की आम्ही तुमच्याकडे हवं तेव्हा डोकावतो, तुम्हाला मात्र आमच्यापर्यंत पोचताना धाप लागते.

गजधर पेटूनच परतला. त्याने वैमानिक मोरेश्वराला बजावलं, की जायला-यायला सारखाच वेळ लागला पाहिजे, नाहीतर तुरुंग. मोरेश्वर वाऱ्याचं सांगू लागला, तर राजाने त्याला गप्प बसवलं. प्रधानाने घाईघाईने नवा नकाशा काढून हिरेतळ चार बोटं जवळ आणलं आणि शाबासकी मिळवली. विमानाला तो नकाशा कुणी दाखवला नसावा. चाळीस मिनिटं चाळीसच राहिली.

धावपट्टीवर चरायला येणारी गुरं हाकलायचं काम तुळसा करायची. मोरेश्वराची बायको तिच्यापाशी येऊन रडली, तशी ती तडक दरबारात गेली. हे काम मी करून दाखवते, नाही जमलं तर मलाही तुरुंगात टाका, असं तिने सांगितलं. फक्त महाराजांनी आपला हुकूम सगळ्यांसमोर पुन्हा एकदा सांगावा.

"सारखा म्हणजे सारखा," राजा म्हणाला. "एका मिनिटाचाही फरक चालणार नाही."

दुसऱ्या दिवशी राजा आणि प्रधान विमानात बसले. तुळसा मोरेश्वराशेजारी बसली. जाताना चाळीस मिनिटं लागली. परतताना वाऱ्याने असं रेटलं, की अर्ध्या तासातच खाली राजवाडा दिसू लागला. पण विमान उतरेना! ते राजवाड्याभोवती घिरट्या घालत राहिलं. राजा ओरडून थकला, प्रधानाला मळमळू लागलं. बरोबर चाळीस मिनिटं झाली आणि चाकं जमिनीला टेकली.

राजा लालबुंद होऊन उतरला. ही शुद्ध फसवणूक आहे, मला जाणं लवकर हवं होतं, येणं उशिरा नव्हे, असं म्हणून त्याने शिपायांना हाक मारली.

तुळसाने हात जोडले. "महाराज, मी आपल्याच न्यायाने चालले. पूर्वेच्या गावांना पाणी मिळतं आणि आम्हाला नाही, असं गाऱ्हाणं पश्चिमेच्या गावांनी आणलं होतं. तेव्हा आपण पूर्वेचंही पाणी तोडलंत आणि म्हणालात, आता सगळे सारखे. मी पूर्वेची. सारखं कसं करायचं, ते तेव्हाच शिकले."

राजाच्या मिशा थरथरल्या, आणि मग तो असा खदखदून हसला, की शिपाईसुद्धा हसू लागले. त्याने हातातलं सोन्याचं कडं काढून तुळसाला दिलं आणि पूर्वेचं पाणी सोडायचा हुकूम केला.

"आणि पश्चिमेचं, महाराज?"

"तेही सोडा," राजा डोळे पुसत म्हणाला. मोरेश्वर घरी गेला. पश्चिमेकडे पाट खणायच्या देखरेखीला प्रधानाला धाडण्यात आलं. पायी!