शिट्टी वाजल्यावर

"आता ह्यात काय कमी हाय, ते तुम्हीच सांगा बाबा."

हैबतराव जगदाळ्यांनी हा प्रश्न विचारला, पण त्यांना उत्तर नको होतं. त्यांना शाबासकी हवी होती. पलटणीतून हवालदार होऊन परतलेला माणूस. दुसऱ्याला कवायत शिकवायची हौस अजून फिटली नव्हती.

केवलनाथबाबा सोप्यात घोंगडीवर बसले होते. हैबतरावांनी त्यांना गुरू करून कान फुंकून घेतला, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. श्रावणात बाबा एक फेरी मारायचे, तसे कालच आले होते.

या खेपेला मात्र घरात कुणी मोकळेपणानं हसत नव्हतं. मागच्या डोंगराला भेग पडली होती. उन्हाळ्यात तिच्यात हाताचं बोट जायचं. आता झड लागल्यावर तिच्यात शेळी मावली असती. वाडीतली बहुतेक घरं कुलपं घालून खालच्या माळावरच्या शाळेत राहायला गेली होती. हैबतराव गेले नव्हते. तयारी असलेल्या माणसानं आधीच कशाला पळायचं, असं त्यांचं म्हणणं.

"पुन्यांदा सांग," बाबा म्हणाले.

"शिट्टी वाजली, की तव्यावरची भाकरी तव्यावर. आईला मी पाठीवर घेणार. सून पोरीला घेणार. मागचं दार मी खिळे ठोकून बंद केलंय, डोंगर त्याच अंगाला हाय. भ्यालेलं माणूस कुठंबी पळतंय. पुढच्या दारातनं भाईर, ते थेट माळावर. पान जुळवून तोंडात टाकस्तवर घर मोकळं!"

"करून बघितलंस?"

"रोज बघतोय."

हे मात्र खरं होतं. आतल्या घरात त्यांच्या बायकोनं, गजराबाईंनी, कपाळावर हात मारला, तेही खरं होतं.

बाबांनी दाराकडं बघितलं.

"आन् मी रं?"

हैबतरावांचा चेहरा खुलला. हा प्रश्न यावा म्हणून ते कालपासून थांबले होते.

"तुम्ही समद्यांच्या पुढं! तुमचं पाऊल भाईर पडल्याबिगर ह्या घरातलं कुणी उंबरा ओलांडायचं न्हाई. तसं बजावलंय मी."

"कुणीच न्हाई?"

"कुणाची छाती हाय?"

बाबा उठले. घोंगडी उचलली, दाराशी नेली आणि उंबऱ्याला लागून आडवी पसरली. मग तिच्यावर आडवे झाले. डोकं चौकटीच्या एका बाजूला, दुमडलेले पाय दुसऱ्या बाजूला. दार आधीच अरुंद; ते भरून गेलं.

"वाजीव शिट्टी," त्यांनी डोळे मिटले.

"बाबा, अहो..."

"वाजीव."

हैबतरावांनी शिट्टी वाजवली.

घर हललं. गजराबाई चुलीपुढून उठल्या. सुलभा, त्यांची सून, तान्ह्या मुलीला छातीशी धरून माजघरातून धावत आली. हैबतरावांनी म्हाताऱ्या आईला पाठीवर घेतलं. सगळं शिकवल्याप्रमाणे झालं. सगळे दाराशी आले.

आणि सगळे दाराशी उभे राहिले.

"बाबा, उठा की."

बाबा हलले नाहीत.

त्या घरात झोपलेल्या माणसाला कुणी ओलांडत नसे. लहान मुलाच्या अंगावरून चुकून पाय गेला, तर त्याची वाढ खुंटू नये म्हणून लगेच उलटं ओलांडून परत यायचं, असा नेम होता. आणि इथं तर गुरू झोपले होते. गजराबाईंनी नकळत हात जोडले.

"बाबा, आज्ञा द्या... कडंला सरा," हैबतराव म्हणाले. त्यांचे दोन्ही हात आईच्या पायांत गुंतले होते.

पाऊस पडत होता. बाबांचा श्वास संथ चालला होता.

मागच्या गोठ्याच्या पत्र्यावर काहीतरी आपटलं.

हैबतरावांनी मान वळवली. पुन्हा आपटलं, या वेळी मोठं. शेळ्या एकदम ओरडायला लागल्या.

"आवं," गजराबाई म्हणाल्या, "दगडं यायला लागली..."

"बाबा! खरंच आलाय डोंगर! बाबा, पाया पडतो!"

बाबांनी डोळे उघडले नाहीत. म्हातारी पाठीवर रडायला लागली. उंबऱ्यापलीकडं अंगण होतं, मोकळं, आणि जगदाळ्यांचं सगळं घर दारात हात जोडून मरायला उभं होतं. याला भक्ती म्हणायचं की काय म्हणायचं, ते ज्याचं त्यानं ठरवावं. मला तर संताप येतो.

सुलभा सगळ्यांच्या मागं होती. लग्न होऊन आल्यापासून तिनं सासऱ्यांच्या पुढून कधी पाऊल टाकलं नव्हतं. नवरा दूर सीमेवर. तिनं मुलीकडं पाहिलं. मग सासऱ्यांना कोपरानं बाजूला सारलं, लुगडं वर खोचलं आणि बाबांच्या छातीवरून लांब टांग टाकली.

ती अंगणात होती.

"सुलभा!" हैबतराव ओरडले. डोंगर येत असतानाही ते ओरडले, आणि ते सुनेवर ओरडले.

"आगं, काय केलंस!" गजराबाई किंचाळल्या. "पाप लागंल पोरीला! उलटी ओलांड, मागं ये, उलटी ओलांड!"

सुलभा पावसात थबकली. इतका वेळ धीरानं वागलेली पोर, पण मुलीचं नाव निघाल्यावर तिचा धीर सुटला. तिनं उंबऱ्याकडं तोंड केलं. पाय उचलला.

तेव्हा बाबांनी डोळे उघडले.

"पळ!"

एवढ्याशा कुडीतून तो आवाज कसा निघाला कोण जाणे. सुलभा वळली आणि माळाच्या दिशेनं सुटली.

माजघरात मागचं दार करकरलं. खिळ्यांनी जोर धरला, मग सोडला. फळ्यांमधून तांबडा चिखल आत आला आणि चुलीतला जाळ विझला.

हैबतरावांनी गुरूंना ओलांडलं. पाय लागला, बरगडीलाच लागला, पण ते थांबले नाहीत. त्यांच्यामागून गजराबाईंनी ओलांडलं. बाहेर पडताच त्या वळल्या, घोंगडीची दोन टोकं मुठीत धरली आणि पेंढ्याचा भारा ओढावा तसं बाबांना फरफटत अंगणाबाहेर नेलं. बाबा पायऱ्यांवर दणादण आपटले. कुणीही क्षमा मागितली नाही.

ते बांधापाशी पोचले, तेव्हा घर होतं. मागं वळून बघेपर्यंत नव्हतं.

शाळेत वाडीतल्या लोकांनी त्यांना कोरडं कापड दिलं, चहा दिला. सुलभा मुलीला पाजत भिंतीशी बसली होती. गजराबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या आणि स्वतः रडत होत्या. शेळ्या गेल्या. माणसं सगळी होती.

हैबतरावांनी आईला कोपऱ्यात नीट निजवलं. मग ते बाबांपाशी येऊन बसले.

"बाबा, आजच डोंगर येणार, हे तुम्हाला ठावं हुतं?"

"ठावं असतं तर आडवा पडलो असतो व्हय रं?" बाबा बरगडी चोळत होते. "मी बी भ्यालो हुतो."

"मग उठला का न्हाई?"

"उठलो असतो, तर पुढच्या खेपंलाबी तुम्ही माजीच वाट बघत उभं ऱ्हायला असता."

"माझ्या घरातल्या समद्यांनी तुम्हाला ओलांडलं," हैबतराव म्हणाले. "माझा तर पाय लागला. मी सुनंवर वरडलो, ती पोर... तिच्यापायी आमी जित्तं ऱ्हायलो, आन् मी तिच्यावर वरडलो. मला कायतरी प्रायश्चित्त सांगा."

बाबांनी खोलीभर नजर फिरवली. माणसं दाटीवाटीनं बसली होती. बाहेर पाऊस तसाच होता.

"माजं अंथरूण घाल," ते म्हणाले.

"घातलंय बाबा. तिथं फळ्याखाली, मानाच्या जागंवर. तिकडं कुणाचा पाय लागायचा न्हाई तुम्हाला."

"उचल तिथनं."

हैबतरावांनी अंथरूण उचललं. ते हातात घेऊन उभे राहिले.

"मग कुठं घालू?"

"दारात घाल," बाबा म्हणाले... "आडवं."