हातात राहिलेला क्यू

“मग दोरा कधी बांधताय, उस्ताद?”

हृषीकेश आवटी अजून चपला काढत होता. विचारून मोकळा झाला.

उस्ताद म्हणजे ख्वाजासाहेब जमादार, मिरजेतले निवृत्त इंग्रजी शिक्षक. वाडवडील तंबोरे बनवायचे, यांनी लाकूड सोडून अक्षरं धरली. रविवारी ओसरीवर स्क्रॅबलचा पट मांडायचे आणि येईल त्याला शिकवायचे. खेळ तसा सरळ. पिशवीतून इंग्रजी अक्षरं काढायची, आपल्या पट्टीवर मांडायची आणि पटावर शब्द जुळवायचे. अक्षर जेवढं अडचणीचं, तेवढे गुण जास्त.

गवयांचा एक रिवाज मात्र त्यांनी सोडला नव्हता. शिष्य तयार झाला की त्याच्या मनगटाला दोरा बांधायचा. तंबोऱ्याची तार घुमावी म्हणून तिच्याखाली जवारीला घालतात तसला, बारीक. तो नसला की तार नुसती टणटणते. ज्याच्या हाताला दोरा, त्यानं पुढं शिकवायचं.

हृषीकेशला तो हवाच होता. सांगलीत त्यानं क्लाससाठी खोली घेतली होती आणि ‘उस्ताद जमादार यांचे पट्टशिष्य’ अशी पाटीही रंगवून दारावर ठोकली होती. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, त्यातली गत. पण पोरगं हुशार होतं, त्यात खोट काढायला जागा नाही.

“काय काय येतं?” उस्तादांनी विचारलं.

एवढंच हवं होतं. हृषीकेश सुरू झाला. क्यूच्या मागे यू लागतोच असं लोक समजतात, पण ज्यांना लागत नाही असे सगळे छोटे शब्द त्याला पाठ होते, अर्थासकट. क्यू-आय म्हणजे चिनी लोकांची प्राणशक्ती. क्यू-ए-टी, अरबस्तानात चघळतात तो पाला. एस-यू-क्यू, बाजार. मग झेडचे काढले. झेड-ए-एक्स, छपराची दगडी पाटी तोडायचं हत्यार. एफ-ई-झेड, गोंड्याची लाल टोपी. जीभ कुठं अडखळली नाही. त्याला स्वतःचा अभिमान वाटत होता, आणि का वाटू नये?

“आणि एफ-ए-क्यू-आय-आर,” तो शेवटी म्हणाला. हा त्यानं मुद्दाम राखून ठेवला होता. “फकीर.”

“अर्थ?”

“ज्याच्या हातात काही नाही, आणि ज्याचं काही अडत नाही.”

उस्तादांनी मान हलवली. चांगलं सांगितलंस म्हणाले, आणि पट पुढं ओढला.

“एक डाव होऊ दे... मग दोऱ्याचं बघू.”

डाव रंगला. हृषीकेश झपाट्यानं पुढं गेला. त्याचा एकेक शब्द असा पडे की शेजारचा एखादा शिक्षक असता तर शब्दकोश आणायला घरी पळाला असता. उस्ताद आपले ‘कॅट’, ‘लॅम्प’, ‘कम’, ‘गो’ असले पहिलीच्या वाचनमालेतले शब्द लावत होते. हृषीकेशला त्यांची दया आली. वय झालं म्हातारबाबांचं, असं त्याच्या मनात येऊन गेलं.

तेवढ्यात त्याच्या हाताला क्यू लागला.

ए होता, आय होता, आर होता. एक एफ आला की फकीर. तोही कोणासमोर? उस्तादांसमोर, त्यांच्याच पटावर. यापरता मोठा नमस्कार काय असणार?

उस्तादांनी एक शब्द लावला. त्यातला आय उघडा राहिला, शेजारचं घर रिकामं. क्यू तिथं सरळ बसत होता. क्यू-आय, प्राणशक्ती.

हृषीकेशनं ते घर पाहिलं आणि दुसरीकडं काहीतरी बारीकसं लावलं.

“तिथं नाही खेळायचं?” उस्तादांनी विचारलं.

“नाही, उस्ताद. थांबतो थोडा.”

“बरं...”

पुढच्या पाळीलाही ते घर रिकामंच होतं. त्याच्या पुढच्याही. उस्ताद तिकडं फिरकले नाहीत. चहा आला, गार झाला. हृषीकेश क्यूला जपत बसला. उरलेल्या अक्षरांत धड शब्द होईना, तरी त्यानं क्यू पिशवीत टाकून दुसरं अक्षर घेतलं नाही. तशी मुभा होती, नुसती एक पाळी गेली असती.

पिशवी संपली. खेळात एफ दोनच असतात. एक मघाशीच पटाच्या कोपऱ्यात अडकला होता. दुसरा आपल्याकडं नाही, म्हणजे उस्तादांकडं. हृषीकेश मनात हसला. कधीतरी टाकतीलच. टाकला की त्यालाच जोडून आपला फकीर. जागाही पुढं मोकळी होती.

उस्तादांच्या पट्टीवर आता एकच अक्षर राहिलं होतं.

त्यांनी ते उचललं आणि शांतपणे एका आयच्या मागं ठेवलं. एफच होता.

“आय-एफ,” उस्ताद म्हणाले. “याचा अर्थ?”

“जर...” हृषीकेश म्हणाला, आणि डाव संपल्याचं त्याच्या ध्यानात आलं.

कारण पिशवी रिकामी असताना ज्याची पट्टी आधी मोकळी होते, त्याच्यापाशी डाव संपतो. ज्याच्याकडं अक्षरं उरतात त्याचे तेवढे गुण कापतात आणि समोरच्याला देतात. क्यू सगळ्यांत महागडा. डावभर पुढं असलेला हृषीकेश त्या एका अक्षरानं मागं पडला. एफ पटावर होता, बाकीचा सगळा फकीर त्याच्या पट्टीवर होता, आणि पाळी उरली नव्हती.

उस्तादांनी आपली लाकडी पट्टी उचलून उलटी केली. त्यातून काहीच पडलं नाही.

हृषीकेशला सांगलीची पाटी आठवली. मान वर करायची त्याला लाज वाटत होती. पाटी उद्या उतरवतो, एवढं तो कसंबसं म्हणाला. उस्तादांनी ते ऐकल्यासारखं दाखवलं नाही. त्याच्या पट्टीवरचा क्यू त्यांनी उचलला, त्याच्या तळहातावर ठेवला आणि त्याची बोटं मिटवली.

“घरी घेऊन जा.”

“पण हा गेला तर खेळ अर्धवट राहील, उस्ताद. तुम्ही काय करणार?”

उस्तादांनी गार झालेला चहा एका घोटात संपवला.

“आमचं भागेल रे... तुझं याच्यावाचून भागायला लागलं, की परत आणून दे. दोरा कुठं जात नाही.”